रात्रीची गाडी आणि आठ जणांचा कप्पा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लीपर किंवा थ्री टियर एसीचा एक कप्पा म्हणजे आठ अनोळखी माणसांची एका रात्रीपुरती खोली. या खोलीत होणारी भांडणं सहसा कोणी वाईट असतं म्हणून होत नाहीत. आपला हक्क किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता संपतो हेच अनेकांना माहीत नसतं. शिवाय दिवे चालू असताना उरकायचं काम दिवे मालवल्यावर काढलं जातं. मुंबई-पुण्याहून कोकण, गोवा, कोल्हापूर, मराठवाडा, विदर्भाकडे रात्रीच्या गाडीने जाणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

माझा बर्थ नेमका कुठला, आणि झोपेपर्यंत मी बसायचं कुठे?

बर्थच्या नंबराला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ तर मिडल, ३ किंवा ६ तर अप्पर. ७ उरले तर साइड लोअर आणि काहीच उरलं नाही तर साइड अप्पर. समजा नंबर ४३ आहे: आठ पंचे चाळीस, बाकी तीन, म्हणजे अप्पर. स्लीपर आणि थ्री टियर एसी दोन्हींत हाच हिशोब चालतो.

दिवसा लोअर बर्थ हा तिघांचा बाक असतो: लोअरवाला, मिडलवाला आणि अप्परवाला. साइड लोअरवर साइड अप्परवाल्याचीही बसायची जागा असते. त्यामुळे संध्याकाळी सात वाजता लोअर बर्थवर पाय पसरून “माझी सीट आहे” म्हणणं चुकीचं आहे, आणि अप्परवाल्याने संकोचून दारापाशी उभं राहायचंही कारण नाही. खिडकी कोणाची याबद्दल नियम नाही. वहिवाटीने ती लोअरवाल्याकडे जाते. कप्प्यात लहान मूल असेल तर त्याला अर्धा तास खिडकी देऊन बघा, उरलेला प्रवास सगळ्यांनाच सोपा जातो.

अप्पर आणि साइड अप्पर मात्र दिवसभर उघडेच असतात. तिथे कधीही आडवं व्हा, कोणाचं काही अडत नाही.

मिडल बर्थ केव्हा लावता येतो? शेजारी नाही म्हणाले तर?

रात्री १० ते सकाळी ६, हा रेल्वेचा नियम आहे. २०१७ पर्यंत ही वेळ रात्री ९ पासून होती, म्हणून जुन्या प्रवाशांच्या डोक्यात अजून ९ बसलेले असतात. आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांना या वेळेबाहेरही झोपू द्यावं, असं त्याच नियमात म्हटलं आहे.

याचा अर्थ असा की साडेनऊला लोअरवाल्या काकांनी “थांबा जरा” म्हटलं तर ते त्यांच्या हक्कात आहेत, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी तेच म्हटलं तर नाहीत. सकाळचंही तसंच. सहानंतर मिडलवाला झोपून राहिला, तर खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही. खाली म्हातारं माणूस असेल तर ते पाचपासून जागं असतं आणि मान वाकवून सहा वाजायची वाट बघत असतं. आणखी झोपायचं असेल तर रिकाम्या अप्परवर जा, पण मिडल खाली पाडून द्या.

दहाला उठवण्यापेक्षा पावणेदहाला सांगणं बरं. “काका, दहाला मिडल लावू ना? तोवर तुमचं जेवण होईल ना?” एवढं म्हटलं की डबे आवरले जातात, चादरी निघतात आणि दहा वाजता कोणाला धक्का बसत नाही. उलटा प्रश्नही येतो: लोअरवाल्याला नऊलाच झोपायचं असलं तर? नियमाने त्याला वरच्या दोघांना बसायला जागा ठेवावी लागते. विचारून बघावं, ते तयार झाले तर सगळेच लवकर झोपतील.

मिडल बर्थ लावताना काय चुकतं?

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण यात इजा होते.

बर्थ उचलण्याआधी बाकावरचे सगळे उठलेले हवेत. पाठ टेकून बसलेल्या माणसाच्या मागून बर्थ उचलायला जाऊ नका. दोघांनी दोन टोकांना धरून तो सपाट होईपर्यंत वर न्यायचा. एकट्याने मधोमध धरून उचलला की एक बाजू आधी वर जाते आणि तिरका बर्थ अडकतो. मग साखळीची आकडी आपल्या जागेत पूर्ण बसवायची. आकडी नुसती कडेला टेकलेली असली तरी वरून लागल्यासारखीच दिसते, आणि गोम इथेच आहे. म्हणून दोन्ही टोकांना बर्थ हाताने खाली ओढून बघा, आकडी बोटाने चाचपा, आणि मगच वर चढा. काही डब्यांत साखळीऐवजी वेगळी अडकण असते, तिथेही हाताने ओढून खात्री करायचीच. आकडी वाकलेली असेल किंवा बसत नसेल तर झोपू नका, टीसीला दाखवा. पडला तर बर्थ खाली झोपलेल्याच्या अंगावर पडतो.

उतरवताना आधी वरच्या वस्तू काढा. चष्मा, फोन, पाण्याची बाटली भिंतीकडच्या फटीतून खाली जाते, आणि ती शोधायला सकाळी सहाला लोअरवाल्याला उठवावं लागतं.

आमची गाडीच रात्री अकराला सुटते. मग दहाचा नियम कसा पाळायचा?

कोकणकन्या एक्स्प्रेस मुंबई सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास निघते. म्हणजे तुम्ही डब्यात पाय ठेवता तेव्हाच रात्र सुरू झालेली असते. सीएसएमटीला चढलेले दादरपर्यंत आडवे होतात, ठाण्याला चढणाऱ्यांना निम्मा डबा अंधारात मिळतो, आणि पनवेल येईतो मध्यरात्र उलटलेली असते. या गाडीत सगळी तयारी फलाटावर किंवा घरीच व्हायला हवी.

एक छोटी कापडी पिशवी वेगळी करा. तिच्यात रात्री लागणारं तेवढंच: चादर, हवेची उशी, गोळ्या, पाण्याची बाटली, चार्जर, ओळखपत्र, नॅपकिन, सकाळचा ब्रश. मोठी बॅग एकदा बर्थखाली सरकवली की ती सकाळपर्यंत उघडायची गरज पडता कामा नये. पिशवी कापडीच घ्या, कारण शांत डब्यात प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर फोनवरच्या बोलण्यापेक्षा जास्त जागं करते. ती थांबत थांबत होते, त्यामुळे आता संपली असं वाटून डोळा लागतो आणि पुन्हा सुरू होते. एसीच्या डब्यात चादरी-उशी खाकी कागदी पाकिटात मिळतात. ते पाकीट टराटरा फाडू नका, चिकटवलेल्या कडेने सावकाश उघडा.

जेवून निघा. पनवेलला मध्यरात्री चढून पोळी-भाजीचा डबा उघडला की कप्प्यातले पाच-सहा जण जागे होतात. भूक लागलीच तर दशमी, राजगिऱ्याची वडी, केळं अशी आवाज न करणारी आणि न सांडणारी वस्तू हाताशी ठेवा.

बर्थ शोधताना मोठा दिवा लावू नका. फोनचा टॉर्च सरळ धरला की समोरच्या तिन्ही झोपलेल्यांच्या डोळ्यांवर जातो. टॉर्चवर दोन बोटं ठेवून जमिनीकडे धरा, नाहीतर नुसत्या स्क्रीनच्या उजेडात नंबर वाचा. चढण्याआधीच आठने भागून ठेवलेलं असलं तर हात लावून बर्थ ओळखता येतो.

तुमच्या बर्थवर कोणी झोपलेलं असेल तर खांद्याला हलवू नका. बर्थच्या कडेवर हलके टकटक करा आणि नंबर सांगा: “दादा, एकोणतीस नंबर माझा आहे, तुमचा कितवा?” निम्म्या वेळा त्याच नंबराचा, पण शेजारच्या डब्याचा प्रवासी निघतो. आणि कधी कधी डबा चुकलेले आपणच असतो.

फोन, रील्स, गाणी: किती वाजेपर्यंत चालतील?

स्पीकरवर कधीच नाही. दिवसाही नाही. रात्री दहानंतर मोठ्याने बोलणं, गाणी लावणं आणि रात्रीचा दिवा सोडून बाकी दिवे चालू ठेवणं रेल्वेच्या सूचनांतच मना आहे, आणि तक्रार आली तर गाडीतल्या कर्मचाऱ्यांनी ती सोडवायची असते.

इयरफोन लावूनही दोन गोष्टी राहतात. बटणांचा आवाज आणि मेसेजची टिंग बंद करा. आणि इयरफोन लावून बोलणाऱ्याचा आवाज नकळत चढतो, कारण स्वतःचा आवाज त्याला नीट ऐकू येत नाही. घरून फोन येणारच असेल तर “बसलो, जेवलो, सकाळी फोन करतो” हे गाडी सुटतानाच सांगून टाका. मध्येच बोलावं लागलं तर दोन डब्यांमधल्या मोकळ्या जागेकडे जा. उघड्या दारात मात्र उभे राहू नका.

चार्जिंगचा पॉइंट कप्प्यात सगळ्यांचा असतो. फोन भरला की काढून घ्या, आणि अप्परवरून वायर खाली सोडू नका. रात्री उतरणाऱ्याच्या गळ्यात ती अडकते.

डब्यात काय खावं, काय खाऊ नये?

जे सांडत नाही, ज्याला उग्र वास नाही आणि ज्याचा कचरा एका पिशवीत मावतो ते खावं. पोळीचा रोल, धपाटे, दशम्या, कोरडी बटाट्याची भाजी, गूळपोळी. रस्साभाजी आणि वरण-भात वळणावर ताटातून बाहेर येतात, आणि लोअर बर्थच्या रेक्झिनवरची तेलाची धार रात्री कोणाच्या तरी चादरीला लागते. खाण्याआधी बाकावर जुनं वर्तमानपत्र पसरा, झालं की चारही कडा आत घेऊन गुंडाळून टाका.

शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या ताटात वाढू नका. पथ्य, उपास, मांसाहाराची बंधनं सगळ्यांची वेगळी असतात. एकदा विचारावं, नको म्हटलं की आग्रह थांबवावा. अनोळखी माणसाचं खाणं न घेण्याची खबरदारी रेल्वेच प्रवाशांना सांगत असते, त्यामुळे नकाराचं वाईट वाटून घेऊ नये.

संत्र्याची सालं, शेंगांची टरफलं, अंड्याची कवचं बर्थखाली ढकलू नका आणि खिडकीबाहेरही फेकू नका. धावत्या गाडीतून फेकलेली बाटली रुळांवर काम करणाऱ्या गँगमनला दगडासारखी लागते. कचऱ्याचा डबा दाराजवळ, बेसिनच्या आसपास असतो. तो भरलेला असेल तर पिशवीचं तोंड बांधून ती स्टेशनपर्यंत जवळ ठेवा. रेल्वेच्या हद्दीत घाण करणं, थुंकणं यासाठी २०१२ च्या नियमांनुसार ५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

कोकणातून येताना सुकट, बोंबील, फणस आणतो. कसं आणावं?

आणा, पण बांधणी घरीच नीट करा. एसीच्या डब्यात बरीचशी हवा पुन्हा पुन्हा तीच फिरते, म्हणून सुक्या मासळीचा वास एका कप्प्यात राहत नाही, डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोचतो आणि सकाळपर्यंत टिकतो. स्लीपरमध्ये खिडक्या उघड्या असल्या तर तो कमी जाणवतो, पण पावसाळ्यात काचा खाली असल्या की फरक उरत नाही.

मासळी आधी उन्हात कडकडीत वाळलेली हवी, कारण दमट मासळी जास्त वास सोडते. वर्तमानपत्राच्या दोन घड्या, त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी हवा काढून गाठ मारलेली, त्यावर दुसरी पिशवी उलट्या तोंडाने, आणि हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. नुसती पिशवी बॅगेत टाकली की वर दुसरी बॅग पडते, जवळ्याची टोकं प्लास्टिकला भोकं पाडतात आणि वास बाहेर येतो. डबा बर्थखाली मागे ठेवा, वाटेत उघडून दाखवू नका.

पिकलेला कापा फणस घरीच सोलून गरे डब्यात भरलेले बरे. अख्खा पिकलेला फणस गाडीच्या उष्णतेत आणखी पिकतो आणि चीक गळतो. हापूसच्या पेट्यांना त्रास नाही, फक्त त्या वाटेत रचू नका.

संडास इतक्या लवकर का तुंबतात? आम्ही काय करू शकतो?

आता गाड्यांमध्ये जैव शौचालयं आहेत. ती रेल्वेने डीआरडीओच्या मदतीने बनवली. पूर्वीसारखी घाण रुळावर पडत नाही, डब्याखालच्या टाकीत जाते आणि तिथे जिवाणू ती कुजवून पाण्यात आणि वायूत बदलतात. जिवाणू मैला खातात, पण प्लास्टिक, कापड, सॅनिटरी पॅड, डायपर, गुटख्याची पुडी, चहाचा कप यांतलं काहीच खात नाहीत. यातली एक वस्तू वाकड्या नळीत अडकली की मागचं सगळं थांबतं आणि भांडं वर येऊ लागतं. एका स्लीपर डब्यात ७२ किंवा ८० बर्थ असतात आणि संडास तीन-चारच. त्यातला एक बंद पडला की सकाळची रांग किती लांबते याचा हिशोब आपणच करावा.

पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळून संडासातल्या नाहीतर बेसिनखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. अशा डब्यात टाकायला कागदी पिशव्या घरून आणा, प्रवासात कागद ऐन वेळी मिळत नाही. दाबाचं बटण दोनदा दाबा. पाणी येत नसेल तर तिथेच बसून वाट बघू नका. बाहेर येऊन सफाई कर्मचाऱ्याला किंवा रेल्वेच्या १३९ या मदतीच्या नंबरवर सांगा, पुढच्या मोठ्या स्टेशनला पाणी भरता येतं.

बेसिनमध्ये उष्टा डबा धुऊ नका. भाताची शितं जाळीवर बसतात आणि पाणी साचतं. गाडी हलली की ते पाणी वाटेत येतं आणि अनवाणी चालणारं कोणीतरी घसरतं. डबा कागदाने पुसून झाकण लावून ठेवा. पान-तंबाखूची पिंक बेसिनमध्ये टाकू नका.

सकाळी साडेपाच ते सात ही गर्दीची वेळ. दात घासणं, तोंड धुणं, केस विंचरणं बाहेरच्या बेसिनवर करा आणि संडास फक्त संडासासाठी ठेवा. उतरायचं स्टेशन साडेसातला येणार असेल तर साडेपाचलाच उरकून घ्या. आणि आत सिगारेट ओढू नका. गाडीत धूम्रपान गुन्हा आहेच, पण एसीच्या बऱ्याच डब्यांत धूर ओळखणारी यंत्रणा बसवलेली असते आणि तिच्यामुळे गाडी मध्येच उभी राहू शकते.

सामान किती आणावं आणि कुठे ठेवावं?

फुकट नेता येणारी मर्यादा स्लीपर आणि थ्री टियर एसीला माणशी ४० किलो, टू टियरला ५०, फर्स्ट एसीला ७०, आणि जनरल डब्यात ३५ किलो आहे. गणपतीला गावी जाणाऱ्यांच्या बॅगा याच्या वर सहज जातात. जास्तीचं सामान ब्रेक व्हॅनमध्ये बुक करता येतं.

लोअर बर्थखालची जागा लोअरवाल्याची नाही, तिघांची आहे. साधा हिशोब: एका माणसाला तिचा तिसरा हिस्सा. आधी चढला म्हणून पाच बॅगा ओळीने सरकवल्या तर पुढच्या स्टेशनला चढणाऱ्या आजींना बॅग उशाशी घेऊन झोपावं लागतं. वाटेत काही ठेवू नका, रात्री तीनला संडासला उठलेल्या माणसाला ते दिसत नाही. बॅगेला साखळी-कुलूप लावणार असाल तर सगळ्यात मागच्या बॅगेला लावा, पुढच्याला लावलं की मागे अडकलेल्याला तुमची झोपमोड केल्याशिवाय आपली बॅग काढता येत नाही.

गॅसचा सिलिंडर, रॉकेल, स्टोव्ह, फटाके कोणत्याही डब्यात न्यायचे नाहीत. दिवाळीत गावाकडे फटाके नेण्याचा मोह होतो, पण तो गुन्हा आहे आणि आग लागली तर पळायला वाट नसते.

लोअर बर्थ बदलून मागायचा असेल तर कसा मागावा?

तिकीट काढतानाच प्रयत्न करा. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांना शिल्लक असेल तर लोअर आपोआप द्यावा, अशी रेल्वेच्या आरक्षणात सोय आहे. फक्त एका तिकिटावर कुटुंबातले बरेच जण असले की ही सोय हुकू शकते, म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढणं बरं.

गाडीत मागायची वेळ आलीच तर बर्थवर बसण्याआधी विचारा. बसून, सामान लावून मग विचारणं म्हणजे समोरच्याला कोंडीत पकडणं. बदल्यात काय देताय ते आधी सांगा: “आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला अप्पर आलाय. त्याच डब्यात आहे. तुम्हाला चालेल का?” दुसऱ्या डब्यातला साइड अप्पर देऊन लोअर मागू नये.

समोरचा नाही म्हणाला तर तिथेच थांबा. तरुण दिसणाऱ्या माणसाला मणक्याचा त्रास असू शकतो, एखादी बाई गरोदर असू शकते, आणि ती कारणं तुम्हाला सांगायला ते बांधील नाहीत. “आजकालची पोरं” वगैरे ऐकवणं अन्याय आहे. दुसऱ्या कप्प्यात विचारा किंवा टीसीला सांगा, चार्ट लागल्यावर रिकामे राहिलेले लोअर त्याला कळतात. बदल झाला तर तोही टीसीच्या कानावर घाला, नाहीतर मध्यरात्री चढणारा तुम्हालाच उठवेल.

आरएसीवाल्यांनी एका बर्थवर रात्र कशी काढायची?

आरएसी म्हणजे पूर्ण बर्थ न मिळता फक्त बसायची जागा मिळालेलं तिकीट. त्यात साइड लोअर दोघांत असतो. एकाने एका टोकाला, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला पाठ टेकायची, पाय मध्ये घ्यायचे, बूट खाली आणि मोजे धुतलेले. दोघांनाही पूर्ण पाय पसरता येत नाहीत, म्हणून आलटून-पालटून दोन-दोन तास ठरवून घेतात ते बरं करतात. स्त्री आणि पुरुष अनोळखी असतील आणि कोणाला अवघड वाटत असेल तर लगेच टीसीला सांगावं, तो दुसऱ्या आरएसीवाल्याशी अदलाबदल करून देऊ शकतो. साइड अप्परवाल्याने दहानंतर त्यांच्या बर्थवर बसून राहू नये, वर जावं.

बाळ रडलं तर? झोळी बांधली तर चालेल?

रडणाऱ्या बाळाकडे रागाने बघणाऱ्यांना एक विनंती: आईला ते तुमच्याआधी ऐकू आलेलं असतं. जमलं तर तिचं दुसरं मूल जरा खिडकीशी बसवा, नाहीतर नुसतं बघणं बंद करा.

आई-वडिलांसाठी: गाडी सुटताना दूध किंवा पेज तयार हवी, गरम पाण्याचा थर्मास बर्थखाली नको, हाताशी हवा. झोळी दिवसा, समोरच्यांना विचारून, जमिनीपासून हात-दीड हातावर बांधा. मिडल बर्थच्या साखळीला बांधू नका. ती बर्थ धरायला आहे, झोका पेलायला नाही. रात्री बाळाला लोअरवर भिंतीकडे झोपवा आणि स्वतः बाहेरच्या बाजूला.

आम्ही पंचवीस जण एकत्र आहोत. वारी आहे, लग्नाचं वऱ्हाड आहे.

गटात आवाज चढतो तो एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात बोलल्यामुळे. निरोप न्यायला एक माणूस नेमा. भजन, पत्ते, गाण्याच्या भेंड्या साडेनऊपर्यंत आवरा, आणि गटाबाहेरचे जे दोन-तीन प्रवासी तुमच्यात अडकले असतील त्यांना सुरुवातीलाच विचारा की ते दुसऱ्या कप्प्यात जाऊ इच्छितात का. बहुतेकांना हवंच असतं, पण पंचवीस जणांपुढे बोलायची हिंमत होत नाही. जेवण वाढणारे वाटेत उभे राहिले की सगळा डबा अडतो, ताटं कप्प्यात भरून मग पुढे द्या.

खिडकी उघडी की बंद? पंखा, एसी?

खिडकीजवळच्याने इतरांना विचारून ठरवावं. पावसाळ्यात काच खाली असेल तरी सरींचं पाणी लोअरच्या उशाशी येतं, तेव्हा पत्र्याची झडपही खाली घ्या. झडप वर ठेवताना दोन्ही खटके लागल्याचा आवाज आला पाहिजे, नाहीतर ती धक्क्याने बोटांवर येते. रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात उघड्या खिडकीतून येणारा आवाज झोपलेल्याला उठवून बसवतो. एसी फार गार वाटला तर अटेंडंटला सांगा, झरोक्यात कागद कोंबू नका. तिथली हवा अडली की शेजारच्या कप्प्याला त्रास होतो.

अंध किंवा अपंग सहप्रवाशाला मदत कशी करावी?

आधी बोला, मग हात लावा. “दादा, मी शेजारच्या बर्थवर आहे, संडासापर्यंत सोबत करू?” हो म्हणाले तर आपलं कोपर पुढे करा, त्यांनी ते धरावं. त्यांचा हात किंवा काठी पकडून ओढू नका. काठी, कुबड्या, जयपूर फूट त्यांनी जिथे ठेवलं तिथून हलवू नका, अगदी “नीट ठेवतो” म्हणूनही नाही. स्टेशन आलं की नाव आणि फलाट कुठल्या बाजूला आहे एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

कोणी ऐकतच नसेल तर?

एकदा शांतपणे, नेमकं सांगा: “आवाज कमी करा” यापेक्षा “इयरफोन लावाल का? आजींना बरं नाहीये” हे लवकर ऐकलं जातं. नाही ऐकलं तर टीसी किंवा अटेंडंट. तेही नसतील तर १३९ किंवा रेलमदद हे रेल्वेचं तक्रारीचं ॲप. तिथे पीएनआर, डबा आणि बर्थ नंबर विचारतात, तो आधी हाताशी ठेवा. एकट्या स्त्रीला असुरक्षित वाटत असेल तर वाट न बघता १३९ लावा, सुरक्षेची मदतही याच नंबरवर मिळते. शेजाऱ्यांनी अशा वेळी झोपेचं सोंग घेऊ नये. उठून नुसतं दिवा लावून बसलं तरी त्रास देणारा मागे सरतो.

भांडण मिटवायला साखळी ओढू नका. पुरेशा कारणाशिवाय ओढल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि मागच्या गाड्याही खोळंबतात.

पहाटे साडेतीनला उतरायचं आहे. सगळ्यांना न उठवता कसं उतरावं?

कोकणकन्येत चिपळूण आणि रत्नागिरी अंधारातच येतात, विदर्भाकडच्या गाड्यांत भुसावळही. गजर आवाजाचा नको, व्हायब्रेशनचा ठेवा आणि फोन उशीखाली नाही, शर्टाच्या खिशात ठेवा. बर्थवर ठेवलेला फोन थरथरला की लोखंडावर घुमतो आणि वरचा-खालचा दोघे उठतात. १३९ वरून स्टेशन येण्याआधी जागं करणारा कॉलही लावून घेता येतो. गजर बंद करून पुन्हा झोपणार असाल तर दहा-दहा मिनिटांचे चार गजर लावू नका, एकच लावा आणि उठा.

झोपण्याआधी सांगून ठेवा: “मी चिपळूणला उतरणार, बॅग तुमच्या पायाशी आहे, तेव्हा हात लागेल.” बॅग सगळ्यात पुढे ठेवा. चपला एकाच जागी, दोन्ही एकत्र. अप्परवरून उतरताना खालच्याच्या बर्थवर पाय देऊ नका, शिडीच वापरा, आणि अंधारात शेवटची पायरी कुठे आहे हे दिवा असताना एकदा बघून घ्या. स्टेशनच्या वीस मिनिटं आधी दाराशी जा, पण दार उघडू नका.

एसीतल्या चादरी घडी करून बर्थवर ठेवा, ब्लँकेटखाली कचरा लपवू नका. आणि उतरण्याआधी उशीखाली, खिडकीशी, बर्थ आणि भिंतीच्या फटीत एकदा हात फिरवा. चष्मा, दातांची कवळी आणि चार्जर बहुतेक तिथेच राहतात. दुसऱ्या कोणाचं काही सापडलं तर खिशात घालून “नंतर बघू” म्हणू नका, अटेंडंटकडे किंवा टीसीकडे बर्थ नंबर सांगून द्या. हरवलेली वस्तू शोधणारा माणूसही आधी तोच नंबर सांगतो.